अरुंद गल्लीतला रीच ट्रक: माप घेण्यापासून पॅलेट वर चढवेपर्यंत

भिवंडी, तळोजा किंवा चाकणला गाळा घेतला की काही महिन्यांत जागा अपुरी वाटायला लागते. मग रॅक वाढवायचे, रॅकमधल्या गल्ल्या अरुंद करायच्या असं ठरतं आणि रॅकची ऑर्डर जाते. रॅक उभे राहिले की कळतं, असलेला डिझेल फोर्कलिफ्ट त्या गल्लीत वळतच नाही. हा क्रम उलटा आहे. आधी माप, मग हिशेब, मग मशीन आणि सगळ्यात शेवटी रॅकची ऑर्डर. गोदामाच्या कामात नव्याने पडलेल्या सुपरवायझर, मालक आणि ऑपरेटरसाठी हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे. भर रीच ट्रकवर, म्हणजे अरुंद गल्लीत वळू शकणाऱ्या फोर्कलिफ्टवर आहे.

कोणतं मशीन किती गल्ली मागतं

१२०० बाय १००० मिमीचं नेहमीचं पॅलेट धरून साधारण अंदाज असा:

- चारचाकी काउंटरबॅलन्स, दोन ते अडीच टन: ३.६ ते ४ मीटर
- तीनचाकी इलेक्ट्रिक: ३.२ ते ३.५ मीटर
- रीच ट्रक: २.७ ते ३ मीटर
- मागून चालत हाकायचा स्टॅकर: २.३ ते २.६ मीटर
- आर्टिक्युलेटेड, म्हणजे कमरेत वळणारा फोर्कलिफ्ट: १.८ ते २.१ मीटर
- व्हीएनए, म्हणजे अतिअरुंद गल्लीचा टरेट ट्रक: १.६ ते १.८ मीटर

साध्या, म्हणजे काउंटरबॅलन्स फोर्कलिफ्टमध्ये माल पुढच्या चाकांच्याही पुढे लटकतो आणि त्याला तोलायला मागे लोखंडाचं वजन असतं. त्यामुळे वळताना मशीनची लांबी अधिक मालाची लांबी, एवढी सगळी जागा लागते. रीच ट्रकला पुढे दोन पाय असतात, त्यांना लेग म्हणतात. त्यांच्या टोकाला छोटी चाकं असतात. मास्ट, म्हणजे माल उचलणारे फोर्क (लोखंडी काटे) ज्यावर वर-खाली होतात तो उभा सांगाडा, या लेगमध्ये मागे सरकतो, माल मशीनच्या पोटात येतो आणि लांबी कमी होते. रॅकसमोर आल्यावरच मास्ट पुढे सरकवायचा.

आर्टिक्युलेटेड मशीनचा पुढचा भाग मास्टसकट वळतो, मागचा भाग गल्लीत सरळच राहतो. व्हीएनए तर वळतच नाही, त्याच्या फोर्कचं डोकं फिरतं. तो जमिनीत पुरलेल्या वायरवर किंवा बाजूच्या लोखंडी रेलवर चालतो. त्यासाठी फरशी वेगळ्या दर्जाची लागते आणि गल्लीच्या टोकाला वळायला मोठी मोकळी जागाही लागते. पहिल्याच गोदामासाठी त्याचा विचार करू नका.

स्टॅकर स्वस्त आहे, पण हळू आहे आणि चार-पाच मीटरच्या वर तो कामाचा नाही. दिवसाला तीस-चाळीस पॅलेटची ये-जा असेल तर तो पुरतो. त्याहून जास्त काम असेल तर ऑपरेटर चालून चालून थकतो आणि मग धडका सुरू होतात.

गल्लीचं खरं माप

रॅकच्या एका खांबापासून समोरच्या खांबापर्यंत टेप लावून मिळतं ते गल्लीचं माप नव्हे. पॅलेट बीमच्या, म्हणजे ते ज्यावर टेकतं त्या रॅकच्या आडव्या पट्टीच्या बाहेर येतं. १२०० खोलीच्या पॅलेटसाठी रॅकची खोली बहुधा ११०० ठेवतात, म्हणजे दोन्ही बाजूंनी ५० मिमी पॅलेट बाहेर. त्यावर तांदळाच्या किंवा केमिकलच्या गोण्या असतील तर त्या फुगतात आणि आणखी ३०-४० मिमी जातात. ड्रॉइंगवर २.८ मीटर दिसणारी गल्ली प्रत्यक्षात २.६ वर येते आणि मशीन अडकतं. म्हणून माल भरलेल्या पॅलेटपासून समोरच्या भरलेल्या पॅलेटपर्यंत मोजा. ते मापही तीन ठिकाणी घ्या: गल्लीच्या तोंडाशी, मध्ये आणि टोकाला. त्यातलं सगळ्यात कमी असेल तेच खरं.

आता मशीनला किती लागतं ते बघा. कॅटलॉगमध्ये एएसटी नावाची ओळ असते, तीच गल्लीची रुंदी. ती कशी निघते हे माहीत असलं की विक्रेत्याला नेमके प्रश्न विचारता येतात. रीच ट्रकसाठी तीन आकडे लागतात:

१. वळण्याची त्रिज्या, कॅटलॉगमधला डब्ल्यूए. समजा १६५० मिमी.
२. मास्ट मागे घेतल्यावर लेगच्या चाकाच्या मध्यापासून पॅलेट किती पुढे उरतं. पॅलेट १२०० लांब आणि त्यातलं ४०० आत गेलं, तर उरलं ८००. पॅलेटची अर्धी रुंदी ५००. दोन्हींचा वर्ग करून बेरीज ८,९०,०००, त्याचं वर्गमूळ साधारण ९४३.
३. मोकळी जागा २०० मिमी, दोन्ही बाजूंना १०० प्रमाणे.

एकूण २७९३, म्हणजे २.८ मीटर. तेच पॅलेट १२०० च्या बाजूने उचललं, म्हणजे फोर्क १००० आत जातात, तर हिशेब २७०० च्या आसपास येतो. पॅलेट फक्त फिरवून ठेवलं की जवळजवळ १०० मिमी वाचतात. अर्थात मग रॅकची खोली आणि बीमची लांबी बदलते: १२०० रुंदीची दोन पॅलेट बसवायला २७०० चा बीम लागतो, १००० रुंदीच्या दोघांना २३०० पुरतो. हे रॅकच्या ऑर्डरआधी ठरलं पाहिजे.

त्या २०० मिमीवर विसंबून राहू नका. सरावलेल्या माणसालाच तेवढ्यात काम जमतं. नवे ऑपरेटर असतील तर आणखी १०० ते २०० मिमी सोडा. खांब वाकला की तो बदलून पुन्हा बसवायला जे पैसे आणि दिवस जातात, त्यापुढे ही जागा काहीच नाही.

एका गाळ्याचा हिशेब

रॅकच्या पट्ट्यात ३२ मीटर रुंद गाळा घ्या. पॅलेट १२०० खोल, पाठीला पाठ लावून दोन ओळी आणि मध्ये १०० मिमी फट: झाले २.५ मीटर. त्यात गल्ली मिळवा.

काउंटरबॅलन्स, गल्ली ३.८: एक संच ६.३ मीटर, गाळ्यात ५ संच, म्हणजे १० ओळी.
रीच ट्रक, गल्ली २.८: संच ५.३ मीटर, ६ संच, १२ ओळी.
आर्टिक्युलेटेड, गल्ली २.०: संच ४.५ मीटर, ७ संच, १४ ओळी.
व्हीएनए, गल्ली १.७५: संच ४.२५ मीटर, तरीही ७ च संच.

शेवटची ओळ बघा. कितीतरी महाग मशीन आणि वेगळी फरशी घेऊनही या गाळ्यात एकही ओळ वाढत नाही. दुसऱ्या रुंदीच्या गाळ्यात उत्तर वेगळं येईल. म्हणूनच प्रत्येक जागेचा हिशेब कागदावर मांडायचा, शेजारच्याने काय घेतलं ते बघून मशीन घ्यायचं नाही. इमारतीचे खांबही याच वेळी ड्रॉइंगवर घ्या. ते पाठीला पाठ असलेल्या ओळींच्या मध्ये यायला हवेत, आणि तिथली फट १०० मिमी न धरता खांब मावेल एवढी धरायला हवी. गल्लीत आलेला एक खांब अख्खी गल्ली निकामी करतो.

उंची, शटर आणि पाटीवरचा आकडा

जुन्या आरसीसी गाळ्यांत छत पाच-सहा मीटरवर असतं. तिथे रीच ट्रकची खरी ताकद वापरली जात नाही, कारण त्याचा फायदा सात-आठ मीटरपासून पुढे दिसतो. अशा ठिकाणी तीनचाकी किंवा आर्टिक्युलेटेड मशीन बरं, ट्रक उतरवायलाही तेच चालतं. रीच ट्रकची चाकं छोटी आणि पॉलियुरेथेनची असतात, तो अंगणात किंवा खडीवर जात नाही. लेगमुळे ट्रकच्या हौद्यातला मालही काढता येत नाही. रीच ट्रक घेतला की डॉकवर, म्हणजे ट्रक लागतात त्या फलाटावर, दुसरं मशीन लागणारच. हा खर्च पहिल्या दिवशीच धरा.

लिफ्टची उंची ठरवताना सगळ्यात वरच्या बीमच्या माथ्यात साधारण २५० मिमी मिळवा. बीम ८.५ मीटरवर असेल तर ८.७५ मीटरचं मशीन. मग उलट बाजूने बघा: मास्ट पूर्ण खाली असताना मशीनची उंची किती? नऊ मीटर उचलणारा ट्रिप्लेक्स, म्हणजे तीन टप्प्यांचा मास्ट मिटल्यावरही साधारण पावणेचार मीटर असतो. शटर साडेतीन मीटरचं असेल तर मशीन ट्रेलरवरून उतरेल, पण आत जाणार नाही. शटर, पाइप, स्प्रिंकलर, ट्यूबलाइटच्या पट्ट्या आणि मेझानिनचा (पोटमाळ्याचा) बीम, सगळ्यांची खालची उंची मोजून लिहून ठेवा.

मशीनवरची क्षमतेची पाटी वाचायला शिका. १६०० किलो हा आकडा ६०० मिमी लोड सेंटरवरचा असतो, म्हणजे मालाचं वजन फोर्कच्या उभ्या भागापासून ६०० मिमीवर आहे असं धरून. शिवाय तो खालच्या उंचीचा असतो. वर जाताना मशीनची क्षमता घटते आणि नऊ-दहा मीटरवर ती बरीच कमी होऊ शकते. किती, ते त्याच मशीनच्या त्याच मास्टच्या पाटीवर लिहिलेलं असतं. दुसऱ्या मशीनचा आकडा इथे चालत नाही. खरेदीच्या वेळी विक्रेत्याकडून सगळ्यात वरच्या बीमच्या उंचीवरची उरलेली क्षमता लेखी घ्या.

फरशी

हा भाग सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहतो. रीच ट्रकच्या दोन लेगच्या चाकांमध्ये साधारण १.२ मीटर अंतर असतं. एका चाकाखाली फरशी ५ मिमी बसलेली असेल तर तळाशी काही जाणवत नाही. पण ९ मीटर उंचीवर तोच फरक साडेसात पटीने वाढतो आणि फोर्क साधारण ३७ मिमी बाजूला झुकतात. दोन पॅलेटमधली किंवा पॅलेट आणि खांबामधली फट ७५ ते १०० मिमीच असते, त्यातली अर्धी तिथेच गेली. त्यात मास्टचं स्वतःचं डोलणं मिळवा. ऑपरेटरला वाटतं आपला हात चुकतोय, प्रत्यक्षात फरशी चुकते आहे.

तपासायला सोपी रीत: तीन मीटरची सरळ अॅल्युमिनियम पट्टी घ्या, गल्लीभर चाकांच्या दोन्ही मार्गांवर आणि आडवी अशी ठेवत जा, खाली फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्या) किंवा वॉशर सरकवून फट मोजा. ३-४ मिमीच्या वर जिथे फट दिसेल तिथे खडूने खूण करा. नवीन ट्रिमिक्स, म्हणजे जादा पाणी ओढून घेतलेल्या काँक्रीटची फरशी करत असाल तर सांधे गल्लीच्या मध्यात न येता रॅकखाली येतील असं कंत्राटदाराला आधीच सांगा. सांध्याच्या कडा तुटल्या की छोटं चाक त्यात आदळतं, चाकाचं पॉलियुरेथेन निघतं आणि हादरा थेट वरच्या पॅलेटपर्यंत जातो. तुटलेले सांधे इपॉक्सी मॉर्टरने भरून घ्या. साधं सिमेंट चार दिवसांत उखडतं.

पावसाळ्यात डॉकपासून आतपर्यंत ओल येते. रीच ट्रकचं चालवणारं आणि ब्रेक लावणारं चाक मुख्यतः एकच असतं, ओल्या गुळगुळीत फरशीवर ते घसरतं. डॉक आणि रॅकच्या मध्ये पुसण्याची पट्टी ठेवा आणि ओल्या पट्ट्यात वेग चालण्याइतका.

पॅलेट आणि लेगची गाठ

स्टॅकर घेताना इथेच फसगत होते. साध्या स्टॅकरचे लेग फोर्कच्या बरोबर खाली असतात. पॅलेटला खालून आडव्या पट्ट्या असतील, म्हणजे दोन्हीकडून वापरायचं पॅलेट असेल, तर लेग आत जाऊ शकत नाहीत किंवा उचलताना पॅलेटची खालची फळी लेगवर अडकते. अशा पॅलेटसाठी रुंद लेगचा, म्हणजे स्ट्रॅडल स्टॅकर मागवा. त्याचे लेग पॅलेटच्या दोन्ही बाजूंनी जातात.

रीच ट्रकलाही प्रश्न आहे. लेगमधली आतली रुंदी पॅलेटपेक्षा कमी असेल तर जमिनीवरचं पॅलेट आधी लेगच्या उंचीच्या वर उचलावं लागतं, मगच मास्ट मागे घेता येतो. हे विसरून मास्ट मागे ओढला की पॅलेट लेगवर आदळतं.

फोर्कची लांबी पॅलेटपेक्षा थोडी कमी हवी, १२०० खोल पॅलेटला ११५० चे फोर्क. जास्त लांब फोर्क पॅलेटच्या पलीकडे निघतात आणि पाठीला लागून असलेल्या ओळीतलं पॅलेट ढकलतात. ते पलीकडच्या गल्लीत पडतं, जिथे कोण उभं आहे हे ऑपरेटरला दिसत नाही.

चालवण्याआधी

ऑपरेटर आडवा बसतो, फोर्क त्याच्या एका हाताला असतात. डावा पाय मशीनच्या आतल्या पेडलवर ठेवावा लागतो, तो उचलला की मशीन थांबतं. पाय कधीही बाहेर काढू नये. खांब आणि मशीनच्या मध्ये सापडलेला पाय वाचत नाही.

स्टिअरिंग मागच्या चाकाला असतं. साध्या फोर्कलिफ्टवरून आलेल्या माणसाला काही मॉडेलमध्ये ते उलटं वाटतं. चाक पूर्ण गोल फिरणाऱ्या मशीनवर सुरू करण्याआधी डिस्प्लेवरचा बाण बघा, चाक कुठे वळलेलं आहे ते कळतं. बाण न बघता पेडल दाबलं तर मशीन भलत्याच दिशेला जातं.

सराव या क्रमाने द्या: मोकळ्या जागेत रिकामं मशीन, मग रिकामं पॅलेट जमिनीवर, मग पहिल्या बीमवर, मग वजन घालून पहिला बीम. वरचे बीम त्यानंतर. एक पायरी दहा वेळा न चुकता जमल्याशिवाय पुढची नाही.

पॅलेट वर ठेवणं

१. पॅलेट बघून घ्या. तुटलेली फळी, कललेला माल, सुटलेली श्रिंक फिल्म असेल तर ते वर जाणार नाही. वजन माहीत हवं.

२. मास्ट पूर्ण मागे, फोर्क थोडे मागे कललेले, पॅलेट लेगच्या जेमतेम वर. याच अवस्थेत चाला. वर उचललेला माल घेऊन गल्लीत फिरू नका.

३. ज्या रॅकमध्ये ठेवायचं त्या बाजूला थोडं जवळ राहा, साधारण ४०-५० सेंमीवर. वळताना मशीनची मागची बाजू समोरच्या रॅककडे झपकन जाते, तिला जागा हवी.

४. लेगच्या चाकांची मध्यरेषा पॅलेटच्या जागेच्या मध्याशी आली की थांबा, स्टिअरिंग पूर्ण वळवा आणि सावकाश ९० अंश फिरा. मान मागे. बीमवर रंगाने मध्याची खूण केलेली असली तर नव्या माणसाला फार मदत होते.

५. सरळ पुढे या आणि लेगचं टोक खालच्या पॅलेटपासून दोन-तीन बोटांवर थांबवा. मशीन इथे मागे राहिलं तर मास्ट पूर्ण पुढे नेऊनही पॅलेट मागच्या बीमवर पोचत नाही. समोरून ते बसलेलं दिसतं, फोर्क खाली आले की मागची बाजू घसरते आणि माल खाली येतो. उंचावरच्या पडझडीचं हे मोठं कारण आहे.

६. उचला. पॅलेटचा तळ बीमच्या १०-१५ सेंमी वर गेला की थांबा. फोर्क सपाट करा. मास्ट डोलत असेल तर दोन-तीन सेकंद थांबा, डोलणं थांबल्यावरच पुढचं लिव्हर हलवा.

७. मास्ट हळू पुढे न्या. बाजूच्या पॅलेटशी फट कमी दिसली तर साइड शिफ्टने (फोर्क डावी-उजवीकडे सरकवणाऱ्या सोयीने) सरकवा, स्टिअरिंगने नव्हे.

८. खाली टेकवा. वजन उतरलं की फोर्क पॅलेटच्या पोकळीत मध्ये आणा, वर-खाली कुठेही लागलेले नकोत. मग मास्ट मागे. फोर्क घासत असताना मागे ओढले तर पॅलेटही सोबत येतं.

९. मास्ट पूर्ण मागे आल्यावरच फोर्क खाली, आणि फोर्क खाली आल्यावरच मशीन हलवा.

सहा मीटरच्या वर काम असेल तर फोर्कवरचा कॅमेरा आणि उंची आधी ठरवून देणारी सोय घ्या. खालून नऊ मीटरवरचा बीम आणि पॅलेटमधली फट डोळ्याने कळत नाही.

रोजची नजर

शिफ्ट सुरू होताना लेगच्या चाकांजवळ वाकून बघा. पॅकिंगची प्लास्टिक पट्टी आणि श्रिंक फिल्म चाकाच्या आसाभोवती गुंडाळली जाते, दिसत नाही इतकी घट्ट बसते आणि बेअरिंगचं सील कापते. ब्लेडने ती रोज काढा. फोर्कचा कोपरा, जिथे तो उभा वळतो, तिथली जाडी महिन्याला मोजा. १० टक्के झिजला की फोर्क बदलायचा, म्हणजे ४० मिमीचा फोर्क ३६ वर आला की संपला. ऐकायला कमी वाटतं, पण तेवढ्यात त्याची ताकद साधारण पाचव्या हिश्श्याने घटते. मास्टमधली उचलणारी चेन ३ टक्के लांबली की तीही बदला.

रॅकचे खांबही याच फेरीत बघा. एक मीटरची पट्टी लावा: बीमच्या दिशेला ५ मिमीपेक्षा जास्त किंवा रॅकच्या खोलीच्या दिशेला ३ मिमीपेक्षा जास्त वाक दिसला तर तो खांब दुरुस्तीला. दुप्पट वाक असेल तर त्याच क्षणी त्या खांबाच्या दोन्ही बाजूंचा माल उतरवा.

लेड-ॲसिड बॅटरी ४८ व्होल्टची असेल तर तिच्यात २४ सेल असतात. चार्ज २० टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नका. ॲसिडची घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरवर पूर्ण चार्जला साधारण १.२८ दिसतं, १.१५ च्या आसपास आलं की थांबा. डिस्टिल्ड वॉटर चार्जिंग झाल्यावर घाला. आधी भरलं तर चार्ज होताना पातळी वाढते, ॲसिड बाहेर येतं आणि बॅटरीचा डबा, केबल, फरशी सगळं खातं. फक्त प्लेट उघड्या पडल्या असतील तर आधी त्या बुडतील एवढंच घाला. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, हवेत ४ टक्के झाला की ठिणगीने पेटतो. चार्जिंगची जागा रॅकच्या कोपऱ्यात नको, वर हवा जाईल अशी हवी.

पुढे लिथियम बॅटरी बसवायचा विचार आला तर मशीनच्या पाटीवर बॅटरीचं किमान वजन बघा. रीच ट्रकमध्ये बॅटरी हा तोल सांभाळणाऱ्या वजनाचा भाग असतो. लिथियम हलकी असते, म्हणून कमी पडणारं वजन लोखंडी ठोकळा घालून त्याच डब्यात भरून घ्यावं लागतं. ठोकळ्याशिवाय बसवलेली बॅटरी घेऊन मशीन खाली ठीक चालतं आणि वरच्या बीमवर माल पुढे सरकवताना मागून उचलायला लागतं.